सावित्रीचं पंचांग

महाडच्या बाजाराचा दिवस एके काळी घड्याळावर चालत नसे, भरतीवर चालत असे. माझे आजोबा भोईघाटाजवळच्या एका पेढीवर गुमास्ते होते. घाटावरून गूळ, मिरची, कांदा उतरायचा. खाडीतून मीठ, सुकी मासळी, नारळ आणि मुंबईचं कापड वर यायचं. या दोन्हींची गाठ पडायची तो धक्का पेढीच्या समोरच होता. आजोबांच्या खिशात घड्याळ नव्हतं, पण आजची तिथी विचारली तर उत्तर तोंडावर असे. "चतुर्थी म्हणजे तीन, अष्टमी म्हणजे सहा," असं ते आम्हा नातवंडांकडून घोकून घेत. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, की समुद्रकाठच्या भरतीची वेळ हाताशी येते. मग बाणकोटच्या तोंडातून महाडपर्यंत पाणी चढायला जो वेळ लागतो तो त्यात मिळवायचा. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, पाण्यात जोर नाही, मोठा पडाव, म्हणजे मालाची मोठी होडी, दासगावलाच थांबणार. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, तोच पडाव भरल्या मालानिशी महाडच्या धक्क्याला लागणार. हमाल कधी बोलवायचे, बैलगाड्या कधी सोडायच्या, दिवाणजींनी वही कधी उघडायची, सगळं त्यावर ठरे.

हा हिशेब आज महाड-पोलादपुरात कुणाच्याही नेमल्या कामाचा भाग नाही. तो पुन्हा कुणाचं तरी काम व्हावा, म्हणून मी हे लिहिते आहे.

सावित्री महाबळेश्वरी उगम पावते. कृष्णा, कोयना आणि वेण्णा देशावर वळतात. सावित्री तेवढी पश्चिमेच्या कड्यावरून कोकणात उडी घेते. तेराशेहून अधिक मीटर उंचीवरून निघालेलं हे पाणी पोलादपूरला घाटाबाहेर पडतं आणि महाडला येईतो जवळपास समुद्राच्या पातळीला आलेलं असतं. तिथून पुढे नदी संपते आणि खाडी सुरू होते. महाडला रायगडाच्या बाजूची गांधारी येऊन मिळते, दासगावाशी काळ नदी मिळते, आणि मग म्हाप्रळ, आंबेत करत बाणकोट-हरिहरेश्वराच्या मधून हे सारं पाणी समुद्रात जातं. वरून पाऊस येतो, खालून भरती येते, आणि दोघांच्या मध्ये महाड वसलं आहे. गांधारपाल्याची बौद्ध लेणी कोरली गेली तेव्हाही ही वाट चालती असणार. एरवी डोंगराच्या त्या टोकाला इतकी लेणी खोदायला धन कुठून आलं असतं? इंग्रजांनी १७५६ मध्ये बाणकोट घेतलं तेही या पाण्यासाठीच. खाडीच्या तोंडाशी किल्ला हाती असला की आतल्या मालावर नजर राहते.

आजी पोलादपूरच्या वरच्या अंगाची, कामथीच्या खोऱ्यातली. तिच्या माहेरी पडाव कुणी पाहिलेला नव्हता. त्यांची नदी वेगळी होती, धोंड्यांची. आजी सांगायची, "पाणी बघून काय कळतंय बाय? पाणी ऐकायचं असतं." पावसाळ्यात रात्री नदीच्या तळाचे धोंडे गडगडायला लागले, की घरातलं मोठं माणूस उठून बसे. पाण्याबरोबर वाळका पाचोळा वाहत असेल तर ते नदीकाठचंच पाणी. हिरवी, नुकती तुटलेली डहाळी यायला लागली, तर डोंगर सुटला असं समजायचं आणि गुरं सोडायची. तिचे वडील आंबेनळी घाटात गाडी चालवत. जुनी माणसं त्या घाटाला फिट्झगेराल्ड घाटच म्हणत. वर महाबळेश्वराला रात्रभर झड लागली असली, की सकाळी खाली उतरणारा प्रत्येक गाडीवान महाडच्या पेढ्यांवर सांगावा देत जाई: आज माल धक्क्यावर ठेवू नका. कधी गाडी आधी पोचे, कधी नदी.

आजोबा आणि आजी यांची लग्नगाठ पडली ती अशाच एका सांगाव्याच्या ओळखीतून, असं घरात सांगत. ते खरं की खोटं, मला ठाऊक नाही. पण वरच्या पाण्याची बातमी देणारं घर आणि खालच्या पाण्याचा हिशेब ठेवणारं घर एकमेकांचं सोयरं झालं, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

नदी तेव्हा कुणाच्या ताब्यात होती? तिच्यावर पैसा चालत होता, त्यामुळे तिच्यावर लक्ष ठेवणारी माणसं होती. तरींसाठी १८६८ मध्येच कायदा झाला होता. तर म्हणजे नदी ओलांडून नेणारी होडी. तिचा लिलाव होई, मक्तेदाराला दर ठरवून दिलेला असे. खाडीच्या तोंडाशी बंदरखात्याची नोंद, गावात नगरपालिकेचा बाजार आणि रस्ते, गावाबाहेर लोकल बोर्डाचे रस्ते. ही व्यवस्था साहेबाची होती आणि तिचा पहिला हेतू वसुलीचा होता, हे मी विसरत नाही. आजोबाही विसरत नसत. पण एक गोष्ट ते ठासून सांगत: खाडीत कुठे गाळ चढला, कुठे नवं बेट वर आलं, हे दासगावच्या खलाशाला, पेढीच्या मालकाला आणि बंदरावरच्या कारकुनाला एकाच आठवड्यात कळत असे. पडाव रुतला तर तिघांचंही नुकसान होतं.

दासगावचे एक म्हातारे तांडेल आमच्या घरी यायचे. कोकणी मुसलमान, आजोबांचे जुने स्नेही. आम्ही त्यांना चाचा म्हणत असू. मुंबईहून आगबोट आली की खाडीच्या तोंडाबाहेर उभी राही, उतारू मचव्यात उतरत, आणि मग आतला प्रवास. काठी पाण्यात घालून तळ चाचपायचा, काठीला लागलेला चिखल बोटांत चोळायचा, म्हणजे आपण कुठल्या वळणावर आहोत ते रात्रीच्या अंधारातही कळे, असं चाचा सांगायचे. म्हाप्रळचा चिखल वेगळा, आंबेतचा वेगळा, सवचा वेगळा. सवला गरम पाण्याची कुंडं आहेत. तिथे दमलेले खलाशी अंग शेकत.

या दासगाव बंदराची एक तारीख साऱ्या देशाने लक्षात ठेवावी अशी आहे. २५ डिसेंबर १९२७. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी महाडच्या परिषदेसाठी मुंबईहून 'पद्मावती' बोटीने निघून त्या दिवशी दुपारी दासगावला उतरले. तिथून महाड पाच मैल. ते अंतर सगळे पायी चालले.

त्या पाच मैलांच्या मागे नगरपालिकेची एक गोष्ट आहे, आणि ती मला सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव झाला: सरकारी खर्चाने बांधलेली वा सार्वजनिक संस्थांकडे असलेली पाणवठ्यांची ठिकाणं, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले. महाड नगरपालिकेने ५ जानेवारी १९२४ ला त्याला अनुसरून चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. तो कागदावरच राहिला. १९२७ च्या मार्चमध्ये महाडला अस्पृश्यांची पहिली परिषद भरली तेव्हा प्रतिनिधींसाठी पाणी विकत घ्यावं लागलं. चाळीस रुपयांचं पाणी, तेही तळ्याच्या गावात. २० मार्चला बाबासाहेब तळ्याच्या पायऱ्या उतरले आणि ओंजळभर पाणी प्यायले. मग दंगा झाला, माणसांना मारहाण झाली, आणि तळं शुद्ध करण्यासाठी पंचगव्याच्या १०८ घागरी ओतल्या गेल्या. ४ ऑगस्ट १९२७ ला, बोले ठरावाला बरोबर चार वर्षं होत असताना, त्याच नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव मागे घेतला.

एका छोट्या गावाच्या पालिकेने केलेल्या या दोन ठरावांत स्थानिक स्वराज्य म्हणजे काय ते सगळं आहे. पालिकेच्या हातात पाणी आहे, म्हणून ती माणसाला माणूस म्हणू शकते. त्याच हाताने ती ते काढूनही घेऊ शकते. सुरबानाना टिपणीस यांच्यासारखा माणूस या पालिकेचा अध्यक्ष होता आणि तो सत्याग्रहाच्या बाजूने उभा राहिला, हा महाडचा अभिमान आहे. ठराव फिरवणारी बहुसंख्याही महाडचीच होती, आणि तेही सांगितलं पाहिजे.

आजोबा त्या वेळी बाविशीचे होते. डिसेंबरच्या परिषदेला गावातल्या व्यापाऱ्यांनी सामान द्यायचं नाही असं ठरवलं होतं, शिधा बाहेरून आणावा लागला, मंडपासाठी फत्तेखान नावाच्या गृहस्थांनी आपली जागा दिली. पेढीच्या मालकाने आजोबांना फळ्या लावून घ्यायला सांगितलं. त्यांनी लावल्या, आणि मागच्या दाराने बाहेर पडून रस्त्याच्या कडेला उभे राहिले. दासगावाकडून येणारी ती रांग त्यांनी पाहिली. घोषणा देत, शिस्तीत, धुळीने माखलेल्या पायांची. त्या संध्याकाळी मनुस्मृती जाळली गेली. तळ्याचं पाणी मात्र त्या वेळी घेता आलं नाही, कारण चवदार तळं सार्वजनिक नसून खाजगी आहे असं म्हणत विरोधकांनी दिवाणी दावा लावून मनाई हुकूम मिळवला होता. हा दावा नऊ वर्षांहून अधिक काळ चालला. १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांचा हक्क मान्य केला तेव्हा कुठे तो मिटला. आजोबा ही गोष्ट सांगताना आवाज उंच करत नसत. फक्त म्हणत, "ती माणसं पाण्यावरून आली होती आणि आम्ही त्यांना पाणी दिलं नाही."

त्या परिषदेच्या पुढच्याच वर्षी, १९२८ मध्ये, महाडजवळ राजेवाडीला सावित्रीवर दगडी कमानींचा पूल उभा राहिला. आजीच्या माहेरच्यांनी त्याची पूजा केली म्हणतात. नदी ओलांडायला तरीची वाट बघायची गरज उरली नाही. मग मोटारी आल्या, स्वातंत्र्यानंतर एसटी आली, पोलादपूरची पोरं रात्रीच्या गाडीत बसून सकाळी मुंबईला उतरायला लागली. घाटावरचा गूळ ट्रकमधून थेट वाशीपर्यंत जाऊ लागला. धक्क्यावरचा माल आटला, चाचांच्या मुलांनी होड्या विकल्या आणि आखाताची वाट धरली. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा झाल्या, १९८१ मध्ये कुलाब्याचं नाव रायगड झालं, महाडला रसायनांचे कारखाने आले, कोकण रेल्वे आली आणि महाड शहराला बाजूला ठेवून वीर, करंजाडीवरून गेली. यातल्या कशालाही मी वाईट म्हणणार नाही. आजीला बाळंतपणात डोलीतून आणलं होतं, माझ्या आईला गाडीतून नेलं. रस्त्याने जीव वाचवले आहेत.

पण वाहतूक नदीवरून उठून रस्त्यावर गेली, आणि तिच्याबरोबर नदीवरची नजरही उठून गेली. सावित्रीचे तुकडे पडले. उगम सातारा जिल्ह्यात, पोलादपूर-महाड रायगडात, खाडीचा उजवा काठ रायगडात आणि म्हाप्रळ-बाणकोटचा डावा काठ रत्नागिरीत. पाण्याच्या तळची रेती महसूल खात्याची, तिचा लिलाव जिल्हाधिकाऱ्यांकडे. बंदरं मेरीटाइम बोर्डाकडे. पूल बांधकाम खात्याचा किंवा राष्ट्रीय महामार्गाचा, रेल्वेचा पूल रेल्वेचा. कारखान्यांचं सांडपाणी औद्योगिक महामंडळ आणि प्रदूषण मंडळ यांच्यात. गावात शिरलेलं पाणी तेवढं नगरपरिषदेचं. आणि पोलादपूरला तर नगरपंचायतच अलीकडची. दासगावचे लोक वर्षानुवर्षं सांगत आले, की रेल्वेच्या पुलासाठी घातलेल्या भरावाने पुराच्या पाण्याची वाट अरुंद झाली, तिथे आणखी गाळे काढा. खाडीत बेटं वाढत चालली आहेत, असंही सांगत आले. ते ज्या टेबलासमोर सांगतात ते टेबल नेहमी दुसऱ्या टेबलाकडे बोट दाखवतं.

२५-२६ जुलै २००५. जुई, दासगाव, कोंडिवते, रोहन या गावांवर डोंगर आले. दीडशेहून अधिक माणसं गेली. पौर्णिमा उलटून चार-पाच दिवस झाले होते. त्या दोन दिवसांचा खुलासा आजोबांच्या पाऊणपटीने होत नाही, आजीच्या हिरव्या डहाळीने होतो. डोंगर सुटला होता.

२ ऑगस्ट २०१६. आषाढी अमावास्या, दिव्यांची अवस. त्या रात्री १९२८ चा पूल पुरात कोसळला आणि मुंबईकडे निघालेल्या दोन एसटी गाड्या आणि काही लहान गाड्या पाण्यात गेल्या. शोधासाठी नौदलाचे पाणबुडे आले, क्रेनला मोठं लोहचुंबक बांधून तळ चाचपला, नदीत मगरी आहेत म्हणून जपून उतरावं लागलं. खाडी ओलांडून समुद्रकाठी, पार दापोली तालुक्यातल्या आंजर्ल्यापर्यंत मृतदेह सापडले. चाचा असते तर पहिल्याच तासाला त्यांनी ओहोटी कुठल्या काठाला माणूस सोडते ते सांगितलं असतं. नवा पूल वर्षाच्या आत, ५ जून २०१७ ला, वाहतुकीला खुला झाला. मनात आणलं की आपल्याकडे किती वेगाने काम होतं, ते महाडने पाहिलं आहे.

आणि २२ जुलै २०२१. आषाढ शुद्ध त्रयोदशी दुपारी संपून चतुर्दशी लागली होती. दुसऱ्या दिवशी पौर्णिमा. त्रयोदशीची पाऊणपट पावणेदहा. म्हणजे रात्री दहाच्या सुमाराला समुद्रात उधाणाची भरती, आणि महाडला तिचा जोर मध्यरात्रीच्या आसपास. महाबळेश्वरला त्या चोवीस तासांत जवळजवळ ६०० मिलिमीटर पाऊस पडला. एवढं पाणी वरून निघालं असताना खालून दार बंद होतं. ज्याच्याजवळ पंचांग आणि महाबळेश्वरचा एक फोन होता, त्याला दुपारीच कळायला हवं होतं. महाड बुडालं, वीज गेली, फोन गेले, रस्ते तुटल्याने मदतीची पथकं वेळेत पोचेनात. तळियेवर डोंगर आला आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. पोलादपुरात साखर-सुतारवाडी आणि केवनाळे इथेही दरडींनी माणसं नेली. आमच्या जुन्या घराच्या खांबावर २००५ ची रेघ होती. २०२१ ची तिच्या वर आहे. पेढीच्या वह्या, ज्यांत आजोबांनी मालाच्या आवकीसमोर तिथी आणि पाण्याची उंची लिहिलेली होती, त्या रात्री गेल्या.

त्यानंतर गाळ काढायचं काम झालं. आपत्ती प्रतिसाद दलाचा कायमचा तळ महाडला हवा ही मागणी पुढे आली. हे सगळं हवंच आहे. पण गाळ काढणारा कंत्राटदार पोकलेन घेऊन परत जातो आणि पुढच्या पावसात नदी नवा गाळ आणते. रोजची नजर कंत्राटात बसत नाही. ती ठेवायला गावातलं, पगार घेणारं, नाव-गाव असलेलं माणूस लागतं.

मी काय मागते ते स्पष्ट लिहिते. उगमापासून बाणकोटपर्यंतच्या सावित्रीसाठी एक मंडळ असावं. त्यात महाड नगरपरिषद, पोलादपूर नगरपंचायत, दोन्ही काठांच्या ग्रामपंचायती, तिन्ही जिल्ह्यांचे प्रतिनिधी, रेल्वे, महामार्ग, बंदरं, कारखाने, सगळ्यांनी एका टेबलाशी बसावं, आणि त्या टेबलाला दुसरं टेबल दाखवता येऊ नये. मंडळाकडे रेती, गाळ आणि पुलांच्या गाळ्यांवर बोलण्याचा कायदेशीर हक्क असावा. महाबळेश्वरचा पाऊस, पोलादपूरची पाणीपातळी आणि बाणकोटची भरती यांची एकत्र नोंद रोज महाडच्या चौकात लागावी, जशी भाजीचा भाव लागतो. पावसाळ्यातला उधाणाचा प्रत्येक दिवस आधीच लाल शाईने मांडून ठेवता येतो. पौर्णिमा-अमावास्या काही अचानक येत नाहीत.

हे मंडळ म्हणजे खर्चाची नवी बाब, असं कुणी म्हणेल. देशाने सावित्रीच्या खाडीला आधीच मोठं नाव दिलेलं आहे. २०१६ च्या कायद्याने देशात १११ राष्ट्रीय जलमार्ग जाहीर झाले, त्यांत सावित्रीची खाडी ८९ व्या क्रमांकावर आहे. कायदा एप्रिलमध्ये लागू झाला आणि ऑगस्टमध्ये पूल पडला. राष्ट्रीय जलमार्गावर माणसं राहतात, त्यांच्या घरात पाणी शिरतं, आणि त्या पाण्याची खोली आज नेमकी किती आहे हे सांगायला चाचांची काठी उरलेली नाही. जलमार्ग करायचा तर खाडी मोजावी लागेल. मोजायला लागलो तर गाळही दिसेल आणि पुलांच्या अडचणीही दिसतील. पडाव जाण्याइतकी खोल राखलेली खाडी पुराचं पाणीही लवकर सोडते, हे आजोबांच्या पिढीला वेगळं शिकवावं लागलं नाही.

मधल्या काळात नदीनेच एकदा सगळ्यांना पुन्हा काठावर आणलं. २०१६ नंतर जुन्या पुलांची तपासणी झाली, आंबेत-म्हाप्रळचा पूल कमकुवत निघाला, आधी अवजड गाड्या थांबल्या, मग दुरुस्तीसाठी पूलच बंद ठेवावा लागला आणि तिथे जंगल जेटी, म्हणजे गाड्याही पलीकडे नेणारी होडी, आली. मोटारी, दुचाक्या, दवाखान्यात निघालेल्या बाया, शाळेची पोरं, सगळी पुन्हा होडीच्या रांगेत उभी राहिली. मी त्या रांगेत होते. जेटीवरच्या तरुण खलाशाने ओहोटीमुळे थोडं थांबावं लागेल म्हणून सांगितलं, तेव्हा माझ्यामागच्या म्हातारबाईंनी त्याला विचारलं, "आज तिथी कोणती रे बाबा?" त्याला ठाऊक होती. शिवाय खाडीत कुठे उथळ झालंय, कुठल्या खांबाजवळ बेट वर आलंय, हेही त्याने न विचारता सांगितलं. मी त्याला विचारलं, हे कुठे कळवलंस का? तो म्हणाला, "कुणाला कळवू, ताई? या काठाच्या लोकांना, की त्या काठाच्या?"